गाळलेल्या जागेवर हक्क कोणाचा?

वाक्यातला एक शब्द काढायचा, तिथे रेघ मारायची आणि कंसातल्या चार शब्दांपैकी योग्य तो निवडायला सांगायचं. मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न सोडवलेला आहे. ‘गाळलेल्या जागा भरा’, ‘कंसातील योग्य शब्द निवडून वाक्य पूर्ण करा’, ‘अचूक पर्याय निवडा’ अशी नावं बदलत गेली, प्रश्न तोच राहिला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यापुरतं पाहिलं तरी त्याचा पसारा लक्षात येतो. सोयगाव-कन्नडकडच्या तांड्यावरच्या शाळेत दुसरीतलं मूल तो सोडवतं, जुन्या शहरातल्या उर्दू शाळेत मराठीच्या तासाला तो फळ्यावर असतो आणि औरंगपुऱ्याच्या आसपासच्या अभ्यासिकांत पंचविशी ओलांडलेली मुलं-मुली रात्री उशिरापर्यंत त्याचेच संच सोडवत बसतात. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्न आणि २०० गुण होते. त्यातले २५ प्रश्न मराठीचे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही मराठी व्याकरण हा वेगळा भाग असतो. एका रेघेवर कोणता शब्द बसतो यावर घरातली पहिली सरकारी नोकरी ठरू शकते.

इतकं वजन ज्या प्रश्नावर आहे, त्याचा विचार आपण फार थोडा केला. व्याकरण कसं शिकवावं, शुद्धलेखन किती कडक असावं यावर मराठीत पिढ्यानपिढ्या वाद झाले. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे १४ नियम केले, १९७२ मध्ये आणखी ४ घातले आणि त्या १८ नियमांवर आजही लोक तावातावाने बोलतात. गाळलेली जागा मात्र भरतीचा प्रश्न म्हणून राहिली. पाच गुण कमी पडत असतील तर पाच रिकाम्या जागा टाकायच्या, इतकाच तिचा विचार. माझं म्हणणं असं आहे की भाषा तपासायला याच्यासारखा चांगला प्रश्न नाही, आणि मुलावर अन्याय करायलाही याच्यासारखा सोपा प्रश्न नाही. तो कोणत्या बाजूला झुकेल हे एकाच गोष्टीवर ठरतं: गाळलेला शब्द ओळखण्यासाठी लागणारा पुरावा त्या वाक्यात ठेवलेला आहे का?

प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण त्यात एक उपयोगाची गोष्ट दडलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रेस्लाउ शहरातल्या शाळांना मुलं सलग लांबलेल्या शाळेने किती थकतात हे जाणून घ्यायचं होतं. हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी मुलांना हिशेब घातले, पाठांतर तपासलं आणि तिसरा एक नवा प्रकार केला: उतारा द्यायचा, त्यातले काही शब्द आणि अक्षरं काढून टाकायची, मुलाने ती भरायची. १८९७ मध्ये त्याने हे काम छापलं. थकवा राहिला बाजूला. हुशार मूल आणि मागे पडलेलं मूल यांच्यातला फरक या तिसऱ्या चाचणीने सगळ्यांत स्पष्ट दाखवला. विखुरलेल्या तुकड्यांतून अर्थाचं एक सलग रूप उभं करता येणं म्हणजे बुद्धी, असं त्याचं मत होतं. पुढे १९१५ च्या सुमारास अमेरिकेत कॅन्ससच्या फ्रेडरिक केली यांनी वाचनाच्या चाचणीत पर्याय दिले. तपासणाऱ्याच्या मर्जीवर गुण अवलंबून राहू नयेत आणि हजारो पेपर झटपट तपासता यावेत, हा त्यामागचा हेतू. रेघ एबिंगहाउसकडून आली, कंस केलीच्या काळातून आला, आणि दोघांचे हेतू वेगवेगळे होते हे आपण विसरून गेलो.

उपयोगाची गोष्ट तिसऱ्या माणसाची आहे. १९५३ मध्ये विल्सन टेलर यांनी उताऱ्यातला दर पाचवा शब्द काढून वाचकांना तो भरायला दिला. त्यांना वाचकांची परीक्षा घ्यायची नव्हती, मजकुराची घ्यायची होती. जास्तीत जास्त लोकांना गाळलेले शब्द बरोबर भरता आले तर लेखन सुबोध, नाही आले तर लिहिणाऱ्याचं चुकलं. आपल्याकडे हीच पद्धत मुलांवर वापरताना आपण निकाल उलटा लावला. जागा भरता आली नाही की मूल कच्चं, असं मानलं. वाक्य कच्चं असू शकतं, ही शक्यता तपासलीच जात नाही.

कच्चं वाक्य कसं असतं? ‘कडब्याची ____’ एवढंच देऊन कंसात ‘पेंढी’ आणि ‘गंजी’ हे दोन्ही शब्द ठेवले तर गंगापूरचं मूल गोंधळून जाईल, कारण त्याने दोन्ही पाहिलेल्या आहेत. उत्तरसूचीत ‘पेंढी’ असेल तर ‘गंजी’ लिहिणाऱ्याचा गुण जाईल. आता वाक्य असं करा: ‘बापूने कडब्याची ____ बैलापुढे टाकली.’ इथे पेंढीच बसते. ‘पाऊस यायच्या आत कडब्याची ____ रचून झाली.’ इथे गंजीच. शब्द तेच, पर्याय तेच. फक्त वाक्याने आपलं काम केलं. पहिला प्रश्न पाठ केलेली समूहदर्शक शब्दांची यादी मागतो. दुसरे दोन वाचायला लावतात. आपल्या सराव पुस्तकांत पहिल्या जातीचे प्रश्न भरपूर आहेत आणि दुसऱ्या जातीचे शोधावे लागतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण दुसरी जात मराठीला किती सहज साधते!

मराठीची रचनाच अशी आहे की वाक्य स्वतः पुरावा बाळगून असतं. क्रियापद शेवटी येतं आणि ते आपल्या रूपात नामाचं लिंग, वचन सांभाळतं. ‘आजीने नातीला ____’ इथपर्यंत काहीही येऊ शकतं. ‘सांगितली’ आलं की गोष्ट किंवा आठवण. ‘सांगितला’ आलं की किस्सा. ‘सांगितलं’ आलं की गुपित. पुढे ‘पाजली’ आलं तर पेज, ‘पाजलं’ आलं तर दूध. मराठी वाचकाला रिकाम्या जागेशी थांबून चालत नाही. ती मोकळी धरून वाक्याच्या टोकापर्यंत जावं लागतं आणि मग परत यावं लागतं. लहान मुलं रेघ दिसताच तिथेच अडतात आणि कंसातला पहिला ओळखीचा शब्द उचलतात. ‘आधी पूर्णविरामापर्यंत वाच, मग शब्द शोध’ एवढं सांगणारा शिक्षक त्या मुलाला वाचायला शिकवतो. जो फक्त उत्तरं लिहून देतो, तो वही पूर्ण करून घेतो.

याच रचनेमुळे प्रश्न काढणाऱ्याचा हलगर्जीपणाही उघडा पडतो. अर्थ तपासायचा असेल आणि चार पर्यायांपैकी एकच स्त्रीलिंगी असेल, तर शेवटच्या ‘ली’वरून अर्थ न कळता उत्तर मिळतं. लिंग तपासायचं असेल आणि पर्यायांत ते सारखंच असेल, तर तपासणी होतच नाही. प्रश्न कशासाठी काढला आहे हे काढणाऱ्याच्या मनात पक्कं असेल तरच चारही पर्याय त्या एका कसोटीवर उभे राहतात. चुकीचे तीन पर्याय तयार करायला बरोबर पर्यायाहून जास्त वेळ लागायला हवा. मुलं कुठे अडखळतात हे ज्याने वर्गात पाहिलं आहे, त्यालाच ते तीन पर्याय सुचतात.

संभाजीनगरात हे अडखळणं फार वेगवेगळ्या ठिकाणी होतं, आणि त्याला इतिहास आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभार उर्दूत चाले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूतून. त्या काळात हे शहर शब्दांच्या कामाचं मोठं केंद्र होतं. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचं काम दोन तपांहून अधिक काळ इथून चालवलं. १९३८ मध्ये संस्थेचं मुख्यालय दिल्लीला गेलं, पण त्यांचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश त्याच्या आदल्याच वर्षी, १९३७ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. एका इंग्रजी शब्दासमोर कोणता उर्दू शब्द ठेवायचा, याचा खल या शहरात वर्षानुवर्षं झाला. पुढे १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं, आणि उर्दूत शिकलेल्या वडिलांची मुलं मराठीतून पदवीधर होऊ लागली. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने याच शहरातून दलित लेखकांची पिढी उभी केली आणि जे शब्द तोवर छापायला कोणी धजत नव्हतं, ते वस्तीतले शब्द मराठी साहित्यात पक्के बसवले. योग्य शब्द कोणता आणि तो कोणी ठरवायचा, हा प्रश्न इथे नवा नाही.

आज त्याच शहरात उर्दू माध्यमातलं मूल मराठीच्या पेपरात काय करतं ते पाहा. त्याच्या भाषेत दोन लिंगं आहेत, मराठीत तीन. ‘नळाला पाणी ____’ या वाक्यात कंसात ‘आला, आली, आलं’ असेल तर ते ‘आला’ निवडतं, कारण त्याच्या घरी पाणी पुल्लिंगी आहे. पाण्याची वाट पाहणाऱ्या या शहरात ते वाक्य त्याने गल्लीत रोज ऐकलेलं असतं, तरीही. ‘मी आंबा खाल्ला’च्या जागी ते ‘मीने आंबा खाल्ला’ लिहितं, कारण त्याच्या भाषेत तिथे ‘ने’ लागतो. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद त्याला सगळ्यांत अवघड जातो, कारण त्याचं ‘हम’ दोन्हींना पुरतं. ‘चला, ____ सगळे मिळून जेवू’ आणि ‘तुम्ही बसा, ____ जाऊन येतो’ या जोडीत समोरच्या माणसाला धरायचं की वगळायचं, हे मराठी एका शब्दात सांगते. इतका सुंदर भेद शिकवायला गाळलेल्या जागेइतकं चांगलं साधन नाही, कारण दोन्ही वाक्यं समोरासमोर ठेवली की मूल फरक स्वतः शोधतं. महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. सक्तीने तास मिळतो. अशा जोड्या कोणीतरी बसून तयार कराव्या लागतात.

मराठी घरातल्या मुलाचीही सुटका नाही. वैजापूरकडचं मूल वावरात जातं, पुस्तकातलं मूल शेतात. इथे भाकर खातात, छापील वाक्यात भाकरी असते. बाजारातून माळवं येतं, पेपरात भाजीपाला. फुलंब्री-खुलताबादचे शेतकरी ज्याला अद्रक म्हणतात, त्याला पुस्तक आलं म्हणतं. पर्याय न देता रिकामी जागा ठेवली आणि मुलाने ‘वावरात’ लिहिलं, तर उत्तरसूचीशी जुळलं नाही म्हणून गुण कापणं मला मान्य नाही. वाक्य अर्थाने पूर्ण झालं, व्याकरणाने पूर्ण झालं. मुलाला ‘शेतात’ हा शब्दही यायला हवा, त्यासाठी वेगळा प्रश्न काढा. पण ‘वावर’ला चूक म्हणणं म्हणजे त्याच्या आई-वडिलांची भाषा चूक म्हणणं आहे, आणि सात वर्षांच्या मुलाला ते बरोबर कळतं.

उलट बाजूही आहे, आणि ती मांडताना मला हुरूप येतो. या मुलांकडे असे शब्द आहेत जे शहरी पेपर काढणाऱ्याला सुचणार नाहीत. ‘सुट्टीत आम्ही कापूस ____ जातो’ यापुढे ‘तोडायला, वेचायला, कापायला, उपटायला’ ठेवा. शहरातली मुलं अडतील, सिल्लोडची मुलं क्षणात ‘वेचायला’ म्हणतील. ऊस तोडतात, हरभरा उपटतात, बाजरीची कणसं खुडतात, सोयाबीनची सोंगणी होते. पीक बदललं की क्रियापद बदलतं, कारण हाताची हालचाल बदलते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल सहा-सहा महिने शाळेबाहेर राहून परत येतं आणि वर्गात मागे पडलेलं म्हणून गणलं जातं. त्याला ‘उसाचा ____, कुस्त्यांचा ____, तमाशाचा ____’ या तिन्ही ठिकाणी बसणारा एकच शब्द विचारा. ‘फड’ त्याच्या ओठावर असतो. असे प्रश्न पेपरात आले तर वर्गातली क्रमवारी बदलेल. आजची क्रमवारी कोणाच्या घरातल्या शब्दांवर लागलेली आहे, हेही त्यातून दिसेल.

सगळेच शब्द मग बरोबर मानायचे का, असा आक्षेप येईल. नाही. याचं उत्तर याच जिल्ह्यातल्या पैठणने साडेचारशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. १२९० मध्ये नेवाशात सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत पुढच्या तीनशे वर्षांत नकलाकारांनी शब्द बदलले, गाळले, घुसडले. एकाच ओवीत एका पोथीत एक शब्द, दुसरीत दुसरा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पोथ्या जमवून, ताडून शुद्ध पाठ ठरवला आणि ग्रंथात स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्यांना कडक ताकीद दिली. ते स्वतः मोठे कवी होते. अडलेल्या जागी आपला सुंदर शब्द बसवणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी जागेचा हक्क मूळ ग्रंथाकडे ठेवला आणि पुराव्याने शब्द निवडला. तरीही तो निर्णय कायमचा झाला असं कोणी मानलं नाही. वि. का. राजवाडे यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून एक प्रत १९०९ मध्ये छापली आणि पाठांची चर्चा पुन्हा उघडली. शब्द निवडायचा तर असा: पुरावा पुढे मांडून, आणि कोणी आणखी चांगला पुरावा आणला तर तो ऐकून घेण्याची तयारी ठेवून.

स्पर्धा परीक्षांत ही तयारी काही प्रमाणात आहे, हे मान्य करायला हवं. महाराष्ट्र लोकसेवा आयोग आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, उमेदवारांच्या हरकती पुराव्यासह मागवतो आणि मग अंतिम उत्तरतालिका काढतो. काही प्रश्न रद्द होतात, काहींची उत्तरं बदलतात. अभ्यासिकेतली मुलं या हरकतींसाठी मो. रा. वाळंबे यांचं व्याकरण, मोरो केशव दामले यांचं १९११ चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आणि बालभारतीची पुस्तकं घेऊन बसतात. त्यांची मेहनत पाहून आदर वाटतो आणि त्याच वेळी खंतही, कारण वाद बहुतेकदा भाषेचा नसतो, कोणत्या पुस्तकाला प्रमाण मानायचं याचा असतो. ‘मराठी वर्णमालेत एकूण ____ वर्ण आहेत’ हे वाक्य घ्या. जुन्या व्याकरणाप्रमाणे ४८. शासनाने २००९ मध्ये वर्णमाला अद्ययावत करताना अ‍ॅ आणि ऑ हे स्वर आणि क्ष, ज्ञ ही जोडाक्षरं धरली, त्या हिशेबाने ५२. वाक्यात ‘शासनाच्या २००९ च्या निर्णयानुसार’ एवढे चार शब्द घातले असते तर एकही हरकत आली नसती. चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांपैकी पाव हिस्सा कापला जातो, हे लक्षात घेतलं तर त्या चार शब्दांची किंमत कळते. काही उत्तरं काळानेही बदलतात. मराठवाड्याच्या विभागीय मुख्यालयाचं नाव २०२३ च्या आधीच्या सराव संचांत औरंगाबाद आहे, नंतरच्यात छत्रपती संभाजीनगर. जुने संच अजून विकले जातात, वापरले जातात.

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक करण्याचा निर्णय झाला, तेव्हा पर्यायांचे दिवस संपले असं काहींना वाटलं. तसं झालेलं नाही. गट ब आणि क च्या परीक्षा, तलाठी, पोलीस, शिक्षक पात्रता अशा सगळ्या ठिकाणी पर्यायच आहेत, आणि लाखो अर्ज येणाऱ्या परीक्षेत दुसरा मार्ग सध्या तरी दिसत नाही. शालान्त मंडळाने मात्र दहावीच्या मराठीत २०१९ च्या परीक्षेपासून कृतिपत्रिका आणली. आकृतिबंध, स्वमत, उपयोजित लेखन आलं. बदल चांगला आहे, फक्त आकृतिबंधातले कित्येक चौकोन म्हणजे उताऱ्यातलाच शब्द उचलून ठेवायच्या जागा असतात.

मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो तो शिष्यवृत्ती परीक्षेतला एक नियम. आठवीच्या शिष्यवृत्तीच्या नव्या आराखड्यात कमाल २० टक्के प्रश्नांत चारपैकी दोन पर्याय बरोबर असू शकतात, आणि विद्यार्थ्याने दोन्ही नोंदवायचे असतात. पालक याची धास्ती घेतात. मी त्याचं मनापासून स्वागत करतो. तेरा वर्षांच्या मुलाला एका जागी दोन शब्द बसू शकतात हे परीक्षाच सांगते आणि दोन्ही शोधायला लावते. हा नियम भाषेच्या प्रत्येक चाचणीत, चौथीच्या घटक चाचणीपासून, यायला हवा.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न यंत्रांनीही सोडवायला घेतला आहे. माणूस अर्धवट मजकुरातून पुढचं किती ओळखतो, याचं गणित क्लॉड शॅनन यांनी १९५१ मध्ये मांडलं होतं. २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘बर्ट’ हे भाषा-प्रारूप घडवलं ते चक्क गाळलेल्या जागांवर: मजकुरातले १५ टक्के शब्द झाकायचे आणि आजूबाजूच्या शब्दांवरून ते ओळखायला यंत्राला लावायचं. पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाने २०२२ मध्ये त्याच धर्तीवर मराठीसाठी ‘महाबर्ट’ केलं. मराठीत असं काम झालं याचा आनंद आहे. पण यंत्राला जे वाचायला मिळतं त्यावर त्याची निवड ठरते, आणि मराठीचा जो मजकूर सहज मिळतो त्यात बातम्यांचा वाटा मोठा आहे. सोंगणी, पेंढी, वावर, माळवं हे शब्द बातमीत क्वचित येतात. जास्त वेळा आलेला शब्द आणि त्या वाक्यातला बरोबर शब्द यांच्यात अंतर असू शकतं. उद्या हीच यंत्रं प्रश्नसंच काढतील आणि तपासतील. त्याआधी मराठवाड्याची बोली, तांड्यांवरची मराठी, उर्दूभाषक मुलांची मराठी लिहून, छापून ठेवली नाही तर आज उत्तरसूची जो अन्याय करते तो यंत्र करील, आणि तिथे हरकत नोंदवायला खिडकीही नसेल.

टेलर यांची मूळ कल्पना आपण ज्यांच्यावर वापरायला हवी, त्यांच्यावर वापरलीच नाही. शासनाचा कारभार मराठीत यावा म्हणून १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं. त्याचं एक विभागीय कार्यालय या शहरातच आहे. महापालिकेची नोटीस, वीजबिलामागची सूचना, पीकविम्याचा अर्ज यांतला दर पाचवा शब्द झाकून तो कागद दहावी झालेल्या दहा नागरिकांपुढे ठेवावा. त्यांना निम्मेही शब्द भरता आले नाहीत तर कागद पुन्हा लिहावा. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘अनुषंगाने’ यांच्या गर्दीत नेमकी तारीख आणि नेमकं काम हरवतं. मग अर्जाची मुदत टळून गेली की दोष मात्र शेतकऱ्यावर येतो.

शाळांसाठी मागणी साधी आहे. प्रत्येक गाळलेली जागा छापण्याआधी पर्याय झाकून दोन-तीन मोठ्या माणसांना भरायला द्यावी, त्यातला एक तरी त्या तालुक्यातला, शाळेबाहेरचा असावा. दोन वेगळे योग्य शब्द आले तर वाक्य बदलावं किंवा दोन्हींना गुण द्यावेत. विद्यापीठाचा मराठी विभाग, मराठवाडा साहित्य परिषद आणि जिल्हा परिषद व उर्दू शाळांतले शिक्षक एकत्र बसले तर इथल्या शेतातली, बाजारातली, घरातली वाक्यं घेऊन एक प्रश्नपेढी उभी राहील. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत होण्याजोगं काम आहे. या शहरातल्या शिक्षकांनी ते हाती घ्यावं, आणि पहिलं वाक्य आपल्याच वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला विचारून लिहावं.